छातीतली कळ : ‘कुठे’च्या आधी ‘केव्हा’ विचारा

रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरगडाच्या पायऱ्या चढणाऱ्या गर्दीत हे दृश्य सहज दिसू शकतं. पंचावन्न-साठीचे एक गृहस्थ अर्ध्या वाटेत थांबतात. छाती भरून आलेली असते. “काही नाही, गॅस धरलाय. उपवासाचा साबुदाणा बाधला,” म्हणत ते कडेला टेकतात. मुलगा पळत जाऊन लिंबू-सोडा आणतो. दोन घोट पोटात जातात, एक मोठी ढेकर येते आणि छाती मोकळी होते. सोड्यानं गुण आला, म्हणजे गॅसच होता, यावर घरच्यांचं एकमत होतं आणि मंडळी उरलेल्या पायऱ्या चढायला लागतात.

साबुदाणा बाधायचा तर घरी बसूनही बाधला असता. तो नेमका पायऱ्यांवरच का बाधावा? आणि दुखणं हृदयाचं असेल, तर ते सोड्यानं थांबलं कसं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सोडा आणेपर्यंत पाच-सात मिनिटं ते गृहस्थ बसून होते. गुण आला तो बसण्याचा. श्रम थांबले म्हणून कळ थांबली, आणि श्रेय मात्र बाटलीला मिळालं. असं श्रेय कधी सोड्याला मिळतं, कधी पित्ताच्या पुडीला, कधी ओवा-काळ्या मिठाला. त्यात महिने निघून जातात. नांदेड असो की लातूर, हृदयविकाराचे कितीतरी रुग्ण डॉक्टरांपुढे उशिरा येतात ते याच वाटेनं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायला हृदयाच्या स्वतःच्या पोटापाण्याची व्यवस्था बघावी लागते.

हृदयाला रक्त कोण देतं?

मोठ्या माणसाचं हृदय साधारण तीनशे ग्रॅम वजनाचं असतं आणि दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. त्याच्या कप्प्यांत सतत रक्त भरलेलं असतं, पण त्या रक्तातून हृदयाच्या जाड स्नायूला जवळपास काहीच घेता येत नाही. त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, म्हणजे महाधमनीच्या, अगदी सुरुवातीलाच दोन धमन्या फुटतात. त्यांना करोनरी धमन्या म्हणतात. डावीचे लगेच दोन मोठे फाटे होतात. एक हृदयाच्या पुढच्या बाजूनं खाली उतरतो, दुसरा मागे वळतो. उजवी धमनी बहुतेकांमध्ये हृदयाच्या खालच्या भागाला रक्त देते. “तिन्ही नळ्या ब्लॉक निघाल्या” असं लोक सांगतात तेव्हा ते या तिघींबद्दल बोलत असतात.

या व्यवस्थेत दोन अडचणी जन्मजातच आहेत. आपण आरामात बसलेलो असताना मांडीचा स्नायू समोरून जाणाऱ्या रक्तातला थोडाच प्राणवायू उचलतो. चालायला लागलो की जास्त उचलतो. त्याच्याकडे शिल्लक असते. हृदयाकडे ती नसते. आरामातसुद्धा हृदयाचा स्नायू रक्तातला सत्तर-पंचाहत्तर टक्के प्राणवायू काढून घेत असतो. त्यामुळे काम वाढलं की त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो : जास्त रक्त मागवणं. निरोगी करोनरी धमन्यांमधून वाहणारं रक्त गरजेनुसार चार-पाच पटींपर्यंत वाढू शकतं, म्हणून एरवी आपल्याला काही कळतही नाही.

दुसरी अडचण वेळेची. हृदय आकुंचन पावतं तेव्हा त्याच्याच स्नायूत शिरलेल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. चढ चढताना ठोके वाढतात आणि नेमकी ही विश्रांतीच आखडते. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठ्याची सवड कमी होते. धमनी मोकळी असेल तर शरीर हे सांभाळून नेतं. अरुंद झाली असेल तर पंचाईत होते.

दुपारी माना टाकणारं पीक

लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. बोअरचं पाणी क्षाराचं असलं की ठिबकच्या लॅटरलमध्ये, म्हणजे बारीक नळ्यांमध्ये, हळूहळू क्षार धरतात. डिसेंबरात पिकाला पाणी कमी लागतं, तेव्हा अरुंद झालेली नळीही पुरते आणि सगळा प्लॉट हिरवागार दिसतो. एप्रिलच्या दुपारी मात्र गरज वाढते आणि शेवटच्या टोकाची झाडं माना टाकतात. संध्याकाळी ऊन उतरलं की तीच झाडं पुन्हा ताठ होतात. ज्यानं शेताला फक्त संध्याकाळी चक्कर मारली, तो म्हणेल की सगळं ठीक आहे. झाड मेलेलं नसतं. त्याला लागेल तेवढं पाणी लागेल त्या वेळी मिळालेलं नसतं, इतकंच.

धमनीचं तसंच होतं. तिची आतली रुंदी निम्म्यावर आली तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, कारण पुढच्या बारीक वाहिन्या आधीच रुंदावून कमी भरून काढतात. अडथळा साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेला की रुंदावायला जागा उरत नाही. मग माणूस बसलेला असताना ठीक असतो, पण चढावर, भरलेली घागर उचलताना, पोटभर जेवून लगेच चालताना किंवा हिवाळ्यात पहाटेच्या गार वाऱ्यात शेताकडे निघताना स्नायूला प्राणवायू कमी पडतो. तिथे तयार होणारी रसायनं मज्जातंतूंच्या टोकांना डिवचतात आणि छातीत दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, जड झाल्यासारखं वाटतं. थांबलं की दोन ते दहा मिनिटांत ते विरतं. या दुखण्याला डॉक्टर अंजायना म्हणतात.

एका बाबतीत मात्र धमनी लॅटरलसारखी नाही. चरबीचा थर तिच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही, तो भिंतीच्या आत साचतो आणि त्यावर एक पातळ अस्तर असतं. या फरकाचं महत्त्व पुढे येईल.

हेबर्डननं काय विचारलं

विल्यम हेबर्डन या लंडनच्या वैद्यानं १७६८ साली तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे छातीच्या एका विकाराचं वर्णन केलं. ते १७७२ मध्ये छापून आलं. त्याच्याकडे ईसीजी नव्हता. स्टेथोस्कोपसुद्धा नव्हता, तो आला १८१६ मध्ये. रुग्णाला तपशिलानं विचारणं एवढंच त्याच्या हाती होतं. त्यातून त्यानं टिपलं की हे दुखणं चालताना येतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, आणि माणूस उभा राहिला की जातं. दुखण्याचं नातं हृदयाच्या धमन्यांशी आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं. तरी आज अडीचशे वर्षांनी डॉक्टर अंजायना ओळखतात ते मुख्यतः याच तीन-चार प्रश्नांवरून.

धमन्यांचा संबंध जुळवणाऱ्यांमध्ये एडवर्ड जेन्नर होता, देवीची लस शोधणारा. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात त्याला करोनरी धमन्या कडक झालेल्या आढळल्या. पण त्यानं ते बराच काळ जाहीर बोलणं टाळलं. त्याचे गुरू, प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर, यांनाच हे दुखणं होतं आणि त्यांच्या मनावर ते ओझं त्याला टाकायचं नव्हतं. हंटरना राग आला की कळ येई. १७९३ साली रुग्णालयातल्या एका बैठकीत वादावादी झाली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. हृदयाचं काम पायऱ्यांनी वाढतं तसं संतापानंही वाढतं. बांधावरच्या भांडणात, कोर्टाच्या तारखेला किंवा अडत दुकानातल्या हुज्जतीत छाती भरून येत असेल, तर तीही चढावरच्या कळेइतकीच महत्त्वाची.

दुखणं छातीत, जाणीव हातात

“मामा, नेमकं कुठं दुखतंय? एक बोट ठेवून दाखवा.”

“बोट कुठं ठेवू, डॉक्टरसाहेब? हे असं सगळंच दाबून आल्यावानी होतंय.” असं म्हणत मामा मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवतात.

ती मूठ अनुभवी डॉक्टरला पुष्कळ काही सांगून जाते. हृदयाचं दुखणं बोटानं दाखवता येत नाही, कारण ते कुठून येतंय हे मेंदूलाच नीट कळत नाही. हृदयातून येणारे वेदनेचे मज्जातंतू मणक्यातल्या मज्जारज्जूत छातीच्या वरच्या भागात शिरतात. डाव्या हाताच्या आतल्या बाजूची आणि छातीच्या त्वचेची संवेदनाही त्याच पातळीवर येऊन मिळते. हातातून निरोप येण्याची मेंदूला आयुष्यभराची सवय असते, हृदयातून येणारा निरोप नवखा असतो. म्हणून मेंदू तो हातावर, खांद्यावर, मानेवर, जबड्यावर, कधी पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये नोंदवतो. चालताना दुखतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलेला जबडा शेवटी हृदयाचा निघाल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत.

पोटाचा घोटाळाही असाच. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि पटलाच्या खाली लगेच जठर. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की मळमळ, उलटी, ढेकरा आणि बेंबीच्या वर जळजळ अशीच लक्षणं दिसतात. म्हणून “ढेकर आली आणि बरं वाटलं” हा गॅसचा पुरावा होत नाही. उलटंही खरं आहे. अन्ननलिकेला पेटका आला तर तोही जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळीनं सुटू शकतो, त्यामुळे गोळीनं बरं वाटलं म्हणजे हृदयच, असंही म्हणता येत नाही. कशानं थांबलं यापेक्षा काय करताना आलं हा प्रश्न जास्त भरवशाचा आहे.

टाचणी टोचल्यासारखं क्षणभर दुखणं, श्वास घेतला की चमक येणं, बोटानं दाबल्यावर बरगडी दुखणं, हात फिरवला की कळ वाढणं ही बहुधा स्नायूंची, बरगड्यांची किंवा उसण भरल्याची लक्षणं असतात. बहुधा असं म्हणतोय, कारण हा निवाडा घरी बसून कुणी करू नये. हृदयविकाराचा संशय खोटा ठरला तर एक ईसीजी वाया जातो, खरा असून दुर्लक्षिला गेला तर माणूस जातो.

ज्यांना अशी कळ येतेच असं नाही

बाया आणि मधुमेही, या दोघांबाबत वरचं वर्णन अनेकदा लागू पडत नाही. बायकांना छातीत दडपण येतंच, पण त्याबरोबर किंवा त्याऐवजी दम लागणं, अंगातलं त्राण जाणं, पाठीत भरून येणं, मळमळणं ही लक्षणं पुढे येतात. घरात त्याचा अर्थ कमजोरी असा लावला जातो, एखादं सलाईन लावलं जातं आणि ती बाई पुन्हा कामाला लागते. पाळी जाईपर्यंत बायकांना करोनरी विकाराचा धोका पुरुषांपेक्षा कमी असतो, पुढे तो झपाट्यानं वाढतो. पन्नाशी उलटलेल्या बाईला गेल्या महिन्यापर्यंत सहज होणारं काम आज दम लागून सोडावं लागत असेल, तर तिला ‘वय झालं’ म्हणून गप्प बसवणं हा अन्याय आहे.

मधुमेह जुना झाला की वेदना वाहून नेणारे मज्जातंतूच बोथट होतात. पायाला काटा रुतला तरी कळत नाही, तसाच हृदयाचा निरोपही पोचत नाही. अशा माणसाला अचानक दरदरून घाम फुटला, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली असेल म्हणून गूळ-साखर देऊन थांबू नये. साखर तपासावी आणि ईसीजीही काढावा.

अस्तर फाटतं तेव्हा

आता धमनीच्या भिंतीतल्या त्या चरबीकडे येऊ. तिच्यावरचं पातळ अस्तर कधी कधी फाटतं. आतली सामग्री रक्ताच्या संपर्कात आली की शरीर ती जखम समजून तिथे रक्ताची गुठळी धरतं. काही मिनिटांत धमनी बंद होते. हा हृदयविकाराचा झटका. लोकांना सगळ्यांत न पटणारी गोष्ट अशी की फाटणारा थर बऱ्याचदा लहान असतो, धमनी निम्मीही न अडवणारा. म्हणून ट्रेडमिलची तपासणी नॉर्मल आलेल्या माणसालाही पुढच्या महिन्यात झटका येऊ शकतो. तपासणी चुकलेली नसते. ती अरुंदपणा शोधते, अस्तर कधी फाटणार हे ती सांगू शकत नाही.

नामवंत हृदयशल्यविशारद डॉ. नितू मांडके २००३ साली हृदयविकाराच्या झटक्यानंच गेले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला होता. वय होतं पंचावन्न.

झटक्याची कळ विश्रांतीनं जात नाही. वीस मिनिटांहून जास्त राहते, बरोबर घाम, घाबरेपणा, मळमळ असते. आणखी एक मधली अवस्था असते आणि तिथेच माणूस वाचवण्याची सर्वांत मोठी संधी असते. आजवर एक किलोमीटरवर येणारी कळ आता अंगणातच यायला लागली, आठवड्यातून एकदा येणारी रोज यायला लागली, बसल्या जागी किंवा झोपेत यायला लागली, तर गुठळी धरू लागली आहे असं समजावं. याला अस्थिर अंजायना म्हणतात. सोमवारी ओपीडीत दाखवू, असं म्हणण्याची ही वेळ नव्हे. त्याच दिवशी भरती व्हायला हवं.

चौकट : छातीत दडपण आणि घाम, तर पहिल्या दहा मिनिटांत

आहे तिथे बसावं, चालू नये, जिना चढू नये, स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. १०८ ला फोन करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कुठून रक्तस्राव होत नसेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खावी. जिभेखालची गोळी पूर्वी लिहून दिलेली असेल तरच, आणि बसूनच घ्यावी. जोरजोरात खोकून झटका थांबत नाही. तिखटाचं पाणी पाजून थांबत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या असल्या उपायांत वेळ घालवू नये. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहावं.

किनवटहून निघालेली जीप

धमनी पूर्ण बंद झाल्यावर साधारण वीस मिनिटांत स्नायू मरायला सुरुवात होते आणि पुढच्या काही तासांत तो भाग कायमचा जातो. नांदेड जिल्ह्याचा नकाशा या हिशोबाशेजारी ठेवून पाहावा. किनवट-माहूरहून नांदेड शंभराहून जास्त किलोमीटर, त्यापेक्षा किनवटकरांना आदिलाबाद जवळ. देगलूर, मुखेड, बिलोली, धर्माबाद यांचीही वाट लांबचीच. लातूरकडे उदगीर, जळकोट, देवणीची तीच कथा. गावाकडे असं झालं की घरचे जीप काढतात आणि “थेट नांदेडलाच नेऊ, मोठ्या दवाखान्यात” म्हणून निघतात. वाटेत ग्रामीण रुग्णालय लागतं. तिथे थांबत नाहीत.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा निर्णय हाच. कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला मोठा दवाखाना लागत नाही. ईसीजीचं यंत्र, ते औषध आणि ते देणारा डॉक्टर पुरतो. इटलीत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गिस्सी’ या मोठ्या अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेज हे औषध जवळपास बारा हजार रुग्णांवर तपासलं गेलं. दुखायला लागल्यापासून तासाच्या आत ज्यांना ते मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले. उशीर झाला तसा फायदा घटत गेला. आता टेनेक्टेप्लेज हे एकाच टोच्यात देता येणारं औषध आहे. तेव्हा आधी ईसीजी जवळच्या जवळ. तो मोबाइलवर नांदेड-लातूरच्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवता येतो, इंजेक्शन तिथेच सुरू करता येतं आणि मग पुढचा प्रवास अँजिओप्लास्टीसाठी, म्हणजे फुग्यानं धमनी उघडण्यासाठी. शहर तासा-दीड तासाच्या आत असेल आणि तिथे कॅथलॅब, म्हणजे ती करण्याची खोली, तयार असेल, तर थेट अँजिओप्लास्टी सरस ठरते. हा निर्णय ईसीजी पाहिलेल्या डॉक्टरनं घ्यायचा, जीपच्या चालकानं नव्हे. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. जीपमध्ये नसतो.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात रात्री ईसीजी निघतो का आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन शिल्लक असतं का, हे आज, कुणी आजारी नसताना, जाऊन विचारायला हवं. ग्रामसभेत तालुक्याच्या रस्त्याचा प्रश्न निघतो तसा हाही निघायला हवा.

लातुरात १९६६ साली विवेकानंद रुग्णालय सुरू झालं, तेव्हा झटका आलेल्या रुग्णाला बहुतेक ठिकाणी विश्रांती, वेदनाशामक आणि प्राणवायू यापलीकडे फारसं काही देता येत नव्हतं. पहिली अँजिओप्लास्टी झाली १९७७ मध्ये, झुरिकला. आज ती लातुरात आणि नांदेडला होते.

“ईसीजी नॉर्मल आहे, घरी जा”

फक्त श्रमानं येणाऱ्या, म्हणजे स्थिर, अंजायनाच्या माणसाचा ईसीजी आरामात काढला तर तो पूर्ण नॉर्मल येऊ शकतो. संध्याकाळी पाहिलेला ठिबकचा प्लॉट आठवा. म्हणूनच त्याला ट्रेडमिलवर चालवून पाहावं लागतं. चालू झटक्यातही पहिला ईसीजी कधी कधी काही दाखवत नाही. दुखणं चालू असेल तर तो पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन तपासतात. मरणाऱ्या स्नायूतून गळणारं हे प्रथिन रक्तात दिसायला काही तास लागतात, त्यामुळे तीही तपासणी दोनदा करावी लागते. दुखतंय, घाम फुटतोय आणि एका कागदावर विसंबून घरी निघालोय, असं होत असेल तर “पुन्हा एकदा काढा” असं म्हणायला संकोच करू नये.

सुरुंगाच्या दारूतून आलेली गोळी

सॉर्बिट्रेट म्हणून ओळखली जाणारी जिभेखालची गोळी आणि तिची थोरली बहीण नायट्रोग्लिसरीन यांचा इतिहास विलक्षण आहे. नायट्रोग्लिसरीन हा डायनामाइटमधला स्फोटक पदार्थ. विल्यम मरेल या डॉक्टरनं १८७९ साली तो अगदी सूक्ष्म मात्रेत अंजायनावर वापरून दाखवला. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल याला आयुष्याच्या अखेरीस हृदयविकार जडला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला हेच औषध सुचवलं होतं. ते काम कसं करतं हे कळायला मात्र शंभर वर्षं लागली. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात, या शोधमालिकेला १९९८ साली नोबेल पारितोषिकच मिळालं.

गोळी फक्त हृदयाच्या नळ्या उघडते असा समज आहे. तिचं मोठं काम दुसरीकडे होतं. हातापायांतल्या आणि पोटातल्या शिरा सैलावतात, रक्त तिथे रेंगाळतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि त्याचं ओझं हलकं होतं. मागणी घटली की अरुंद नळीही पुरते. याच कारणानं रक्तदाब खाली येतो, म्हणून उभ्यानं गोळी घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. आधीच रक्तदाब उतरलेल्या माणसाला किंवा लैंगिक शक्तीसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेल्याला ती दिली तर जिवावर बेतू शकतं. शेजाऱ्याच्या खिशातली गोळी उचलून जिभेखाली ठेवू नये, ते यासाठी.

स्टेंट, तंबाखू आणि जुना ईसीजी

झटक्यात बसवलेला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, जीव वाचवतो. स्थिर अंजायनात हिशोब वेगळा आहे. पाच हजारांहून जास्त रुग्णांवरच्या ‘इस्केमिया’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली छापून आले. स्थिर विकारात औषधांच्या जोडीला लगेच स्टेंट किंवा बायपास केल्यानं कळ कमी झाली, पण मृत्यू घटले नाहीत. डाव्या मुख्य धमनीचा अडथळा किंवा अशक्त झालेलं हृदय अशी परिस्थिती याला अपवाद. तेव्हा चालताना कळ येणाऱ्या माणसाला “आत्ताच स्टेंट टाका, नाहीतर उद्याचं सांगता येत नाही” असं कुणी म्हटलं, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाला विचारण्याइतका वेळ बहुधा असतो. स्टेंटच्या किमतींवर केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं असलेली जन आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत आली, त्यांत नांदेड होतं. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही त्यात बसतात.

‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मध्यम वय ५३ निघालं, इतरांचं ५९ च्या आसपास. बिडी-सिगारेट, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं पोट, रक्तातली चरबी ही कारणं सगळीकडे तीच, आपल्याकडे ती लवकर सुरू होतात. चघळण्याच्या तंबाखूनंही झटक्याचा धोका वाढतो, हे त्याच अभ्यासातून दिसलं. बिडी सोडून चुना-तंबाखू मळणाऱ्याला आपण मोठं व्यसन सोडल्याचं समाधान असतं. त्याच्या धमन्यांची सुटका झालेली नसते.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा महिनोन्‌महिने, बहुतेकांना वर्षभर घ्याव्या लागतात. पहिली पाकिटं संपली, बरंही वाटतंय, म्हणून गोळ्या बंद करणारे पुष्कळ भेटतात, आणि कोऱ्या स्टेंटमध्येच गुठळी धरून परत येतात. दात काढायचा असला तरी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आणि आपला शेवटचा ईसीजी, बरा असतानाचा, फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. रात्री दोनला ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला समोरच्या कागदावरची वाकडी रेघ जुनी आहे की आत्ताची, हे त्यावरून अर्ध्या मिनिटात सांगता येतं.